विश्लेषण : कारखान्यातील हवा ‘मर्यादेत’ आहे म्हणजे नेमके काय? कामगाराच्या नाकापाशी मोजमाप कसे होते?

बारा तासांच्या शिफ्टची चर्चा आतापर्यंत ओव्हरटाइमच्या पैशांभोवतीच फिरली आहे. पण धूळ, धूर आणि थिनरच्या वाफा यांच्या कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या कामासाठी ठरवलेल्या आहेत. कामाचे तास वाढले की तोच आकडा तितकाच सुरक्षित राहतो का? मुळात हा आकडा कुठून येतो, कोण मोजतो आणि कामगाराला तो पाहता येतो का, याविषयी...

चर्चा आता का?

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा घेतली. नवे नियम पूर्णपणे येईपर्यंत जुन्या कायद्यांखालील संबंधित तरतुदी सुरू राहतील, असे केंद्राने स्पष्ट केले आहे. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली.

नव्या संहितेत रसायनांच्या एक्स्पोजरची कमाल मर्यादा राज्य सरकारने नियमांद्वारे ठरवायची आहे. म्हणजे कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा तारापूर, लोटे, महाडच्या रासायनिक पट्ट्यात काम करणाऱ्याने किती धूळ, किती वाफ श्वासावाटे घेणे ‘चालेल’, याचा निर्णय राज्याच्या हाती आहे.

‘धोका’ आणि ‘एक्स्पोजर’ यांत फरक काय?

बंद ड्रममधले रसायन कितीही विषारी असले तरी ते शरीरात गेल्याशिवाय अपाय करत नाही. उलट वाळूसारखी साधी वस्तू बारीक धूळ होऊन रोज फुफ्फुसात जाऊ लागली की जीवघेणी ठरते. पदार्थाच्या अंगची अपायाची क्षमता म्हणजे धोका. तो पदार्थ प्रत्यक्षात किती, किती वेळ आणि कोणत्या वाटेने शरीरापर्यंत पोहोचतो, ते एक्स्पोजर. वाटा मुख्यतः तीन : श्वास, त्वचा आणि तोंड. न धुतलेल्या हाताने डबा खाणे किंवा बिडी ओढणे ही तिसरी वाट.

त्यामुळे ‘आमच्याकडे घातक रसायन आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ते कोणाच्या अंगात किती जाते’ हे मोजावे लागते.

मग चिमणीवरच्या मोजमापाचे काय?

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ चिमणीतून आणि नाल्यातून बाहेर काय जाते ते पाहते. ते मोजमाप परिसरातल्या लोकांसाठी आणि पर्यावरणासाठी असते. शेडच्या आत यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकापाशी काय आहे, हे त्यातून कळत नाही. चिमणीचा अहवाल उत्तम असूनही आतली हवा वाईट असू शकते. कधी कधी तर आतला धूर चिमणीपर्यंत ओढलाच जात नाही, म्हणून चिमणी स्वच्छ दिसते.

कारखान्याच्या आतल्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्याचे काम राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे आहे.

मर्यादा कधी आणि कशा आल्या?

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांसाठी ‘चार-अ’ हे नवे प्रकरण आले. कलम ४१-फ नुसार रसायनांच्या अनुज्ञेय मर्यादा दुसऱ्या अनुसूचीत देण्यात आल्या.

त्यात अनेक पदार्थांपुढे दोन प्रकारचे आकडे दिसतात. पहिला आठ तासांच्या सरासरीचा. दुसरा १५ मिनिटांच्या अल्पकालीन एक्स्पोजरचा. तेवढी पातळी दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा येता कामा नये आणि दोन वेळांमध्ये किमान एक तासाचे अंतर हवे. उदाहरणार्थ, अमोनियासाठी सरासरी २५ पीपीएम आणि अल्पकालीन ३५ पीपीएम. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनसाठी १०० आणि १५०. हायड्रोजन सल्फाइडसाठी १० आणि १५. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग. शिशाची धूळ आणि धूर यांच्यासाठी सरासरी मर्यादा घनमीटर हवेत ०.१५ मिलिग्रॅम आहे.

वास येतो की नाही, यावर विसंबता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास कमी प्रमाणात येतो, पण साधारण १०० पीपीएमला नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून वायू गेला असे समजणे तिथे प्राणावर बेतते.

सिलिकाची मर्यादा सूत्राने का काढतात?

फाउंड्रीतली मोल्डिंगची वाळू, खडी क्रशरचा दगड, फरशी आणि ग्रॅनाइट कापण्याचे काम या सगळ्यांत क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाऊन तिथे व्रण करतात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही. सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोगाचा धोका वाढतो. अनेकदा सिलिकोसिसलाच क्षय समजून उपचार होत राहतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

प्रत्येक ठिकाणच्या धुळीत क्वार्ट्झचे प्रमाण वेगळे असते. म्हणून दुसऱ्या अनुसूचीत ठोक आकडा नाही, सूत्र आहे. फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या, म्हणजे श्वसनीय धुळीची मर्यादा अशी काढतात : १० ला (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २) ने भागा. येणारे उत्तर म्हणजे घनमीटरमागे मिलिग्रॅम. धुळीत २५ टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले २७, म्हणजे सुमारे ०.३७. धूळ शुद्ध क्वार्ट्झची असेल तर मर्यादा सुमारे ०.१ वर येते.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने २०१६ मध्ये श्वसनीय सिलिकाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम केली. म्हणजे आपल्या सूत्रातून येणाऱ्या सर्वात कडक आकड्याच्याही निम्मी.

प्रत्यक्ष मोजमाप कसे होते?

शेडच्या मधोमध यंत्र ठेवून घेतलेला नमुना एक्स्पोजर सांगत नाही, कारण कामगार यंत्राच्या तोंडाशी असतो. नमुना ‘श्वसन क्षेत्रा’तून, म्हणजे नाकातोंडाभोवतीच्या सुमारे ३० सेंटिमीटरच्या आतून घ्यावा लागतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला लावतात. तिथून निघणारी नळी कॉलरपाशी आणून तिच्या टोकाला फिल्टर बसवतात. शिफ्टभर माणूस नेहमीचे काम करतो आणि पंप त्याच्या वाट्याची हवा ओढत राहतो.

श्वसनीय धुळीसाठी फिल्टरच्या आधी ‘सायक्लोन’ नावाचा लहान भाग असतो. तो जाड कण गाळून टाकतो. साधारण ४ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण फिल्टरवर पोहोचतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. जमिनीवर साचलेली, झाडूने गोळा होणारी धूळ ही मुख्य अडचण नसते. डोळ्यांना न दिसणारी धूळ खरी घातक.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामावर असलेल्या कामगाराला मिनिटाला २.२ लिटर हवा ओढणारा पंप आठ तास लावला. एकूण हवा १,०५६ लिटर, म्हणजे साधारण १.०६ घनमीटर. शिफ्टनंतर फिल्टरचे वजन ०.८ मिलिग्रॅमने वाढले. म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.७६ मिलिग्रॅम श्वसनीय धूळ. प्रयोगशाळेत क्ष-किरण विवर्तन तंत्राने तीत २५ टक्के क्वार्ट्झ निघाले. मर्यादा ०.३७, सापडले ०.७६. दुपटीहून जास्त. शेडमध्ये पाहणाऱ्याला मात्र हवा ‘बऱ्यापैकी साफ’ वाटलेली असू शकते.

द्रावकांच्या वाफांसाठी फिल्टरऐवजी कोळशाची बारीक नळी लावतात. कोळसा वाफ धरून ठेवतो आणि नंतर प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर ती मोजली जाते. पंप कामाच्या आधी आणि नंतर तपासून घ्यावा लागतो. हवेचा वेग चुकला की पुढचे सगळे गणित चुकते.

सरासरीचा आकडा कुठे फसवतो?

आता रंगकामाच्या विभागातले उदाहरण पाहू. हेही काल्पनिक. कामगार दोन तास स्प्रे करतो, तेव्हा टोल्युइन २०० पीपीएम. पुढचे चार तास तो शेजारी जोडकाम करतो, तिथे ८०. उरलेले दोन तास गोदामात, तिथे २०.

गणित असे : २०० गुणिले २, अधिक ८० गुणिले ४, अधिक २० गुणिले २. बेरीज ७६०. तिला आठने भागले की ९५. मर्यादा १००. अहवालात लिहिले जाईल, ‘मर्यादेत’.

पण स्प्रेच्या दोन तासांत पातळी २०० होती आणि १५ मिनिटांची मर्यादा १५० आहे. सरासरीत पास, स्प्रेच्या वेळी नापास. म्हणून अहवालात एकच आकडा असेल तर पहिला प्रश्न विचारायचा : नमुना कोणत्या कामाच्या वेळी आणि किती वेळ घेतला? नमुना घेण्याच्या दिवशी उत्पादन निम्मे असेल, सगळी दारे उघडी असतील किंवा भट्टी बंद असेल, तर आकडा खरा असूनही निरुपयोगी ठरतो.

शिफ्ट बारा तासांची झाली तर?

त्याच कामगाराने ८० पीपीएमच्या जोडकामावर आणखी चार तास ओव्हरटाइम केला असे धरू. बेरीज ७६० वरून १,०८० होते. तिला बारा तासांनी भागले तर उत्तर ९०, म्हणजे आठ तासांच्या ९५ पेक्षाही कमी! कागदावर परिस्थिती सुधारली. प्रत्यक्षात त्याच्या शरीरात जास्त टोल्युइन गेले.

मर्यादा आठ तासांसाठी आहे, त्यामुळे भागाकारही आठनेच करायला हवा. उत्तर १३५ येते. मर्यादा ओलांडली.

यात आणखी एक गोष्ट आहे. आठ तासांच्या कामानंतर शरीराला साचलेले रसायन बाहेर टाकायला १६ तास मिळतात. बारा तासांनंतर १२ तासच. हे दोन्ही धरून मर्यादा कमी करण्याचे ‘ब्रीफ आणि स्काला’ या नावाने ओळखले जाणारे सूत्र औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ वापरतात. त्यानुसार बारा तासांच्या शिफ्टसाठी मर्यादा थेट निम्मी होते. टोल्युइनचे १०० पीपीएम ५० वर येतात. या निकषाने बारा तासांची ९० ही सरासरी जवळजवळ दुप्पट ठरते.

आपल्या अनुसूचीतले आकडे आठ तासांसाठी दिलेले आहेत. राज्याच्या नव्या नियमांत लांब शिफ्टसाठी मर्यादा कमी करण्याची तरतूद येते का, हे म्हणूनच पाहायला हवे. ओव्हरटाइमचा मोबदला दुप्पट मिळाला तरी फुफ्फुसाला आणि यकृताला जास्तीचा वेळ मिळत नाही.

एकदा मोजले की झाले का?

नाही. एकाच माणसाचे एक्स्पोजरही दिवसागणिक बदलते. माल बदलतो, वारा बदलतो, पावसाळ्यात दारे बंद होतात. त्यामुळे तज्ज्ञ आधी सारखे काम करणाऱ्यांचे गट पाडतात : मोल्डिंगवाले, भट्टीवाले, फेटलिंगवाले. मग प्रत्येक गटातून वेगवेगळ्या दिवशी नमुने घेतात.

युरोपातील ‘ईएन ६८९’ या मानकाचा नियम यासाठी उपयोगी आहे. तीनच नमुने घेतले असतील तर तिन्ही मर्यादेच्या १० टक्क्यांखाली हवेत. चार असतील तर १५ टक्क्यांखाली, पाच असतील तर २० टक्क्यांखाली. तरच गट सुरक्षित मानायचा, नाहीतर आणखी मोजायचे. म्हणजे एका नमुन्यात मर्यादेच्या ९५ टक्के आले तर ते समाधानाचे कारण नाही, उलट इशारा आहे.

फक्त हवा मोजून भागते का?

काही रसायने त्वचेतूनच आत जातात. रंग उद्योगात वापरले जाणारे अॅनिलीन त्यातलेच. दुसऱ्या अनुसूचीत अशा पदार्थांपुढे ‘त्वचा’ अशी खूण असते. तिथे हवेचा अहवाल चांगला असला तरी भिजलेले हातमोजे आणि कपडे घात करतात. अॅनिलीन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते आणि ओठ, नखे निळसर पडू लागतात.

म्हणून काही पदार्थांसाठी शरीरच तपासतात. शिशासाठी रक्तातले शिसे, बेन्झिनसाठी लघवीतले म्युकोनिक आम्ल, काही कीटकनाशकांसाठी रक्तातील कोलिनेस्टरेज. मात्र एक्स-रे किंवा फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी हे एक्स्पोजरचे मोजमाप नव्हे. एक्स-रेवर सिलिकोसिस दिसतो तेव्हा बहुधा बरीच वर्षे धूळ आत गेलेली असते. हवा मोजणे हा इशारा, एक्स-रे हा बऱ्याचदा निकाल.

छोट्या युनिटने काय करावे?

पंप, प्रयोगशाळा, तज्ज्ञ हे सगळे दहा-पंधरा कामगारांच्या शेडला परवडत नाही. त्यासाठी ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने एक सोपी पद्धत आणली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही तिच्यावर आधारित संच तयार केला. त्यात तीन प्रश्न असतात. रसायनाच्या सुरक्षा पत्रकात, म्हणजे एसडीएसमध्ये, धोक्याचा दर्जा कोणता? एका वेळी किती वापरता : ग्रॅम, किलो की टन? ते किती उडते किंवा किती धूळ करते? उत्तरांवरून चारपैकी एक उपाय ठरतो : साधे वायुवीजन, उगमापाशी धूर ओढणारे हूड, पूर्ण बंदिस्त प्रक्रिया किंवा तज्ज्ञाचा सल्ला.

धुळीसाठी एक बिनखर्चाची तपासणीही आहे. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या कवडशात किंवा अंधारात धरलेल्या प्रखर टॉर्चच्या झोतात, प्रकाशाच्या दिशेने तिरके पाहिले की एरवी न दिसणारी धूळ तरंगताना दिसते. यातून आकडा मिळत नाही, पण धूळ कुठून उठते आणि हूड ती ओढतो की नाही, हे लगेच कळते.

मास्क दिला की जबाबदारी संपली का?

मास्क हा शेवटचा उपाय. त्याआधीचा क्रम असा : घातक पदार्थ बदलता येतो का ते पाहणे, प्रक्रिया बंदिस्त करणे, दगड किंवा फरशी कापताना पाणी मारणे, उगमापाशीच धूळ ओढून घेणे, कोरडा झाडू आणि अंगावर हवेचा पाइप मारणे बंद करणे.

नाकावर बांधलेला रुमाल किंवा गमछा श्वसनीय धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण चेहऱ्यावर घट्ट बसला तरच. दाढी असेल तर बाजूने हवा शिरते. थिनरच्या वाफेसाठी एन-९५ निरुपयोगी. तिथे योग्य कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि कार्ट्रिज ठरावीक वेळाने बदलावे लागते.

कामगार काय मागू शकतो?

जुन्या कायद्यानुसार घातक प्रक्रियेतील धोक्यांची आणि ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक होते. अशा कामावर नेमण्याआधी आणि नंतर वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी, आरोग्याच्या नोंदी पाहण्याची सोय, कामगारांच्या सहभागाची सुरक्षा समिती आणि जीवाला तातडीचा धोका दिसल्यास तो कळवण्याचा हक्क, या तरतुदीही होत्या. माहितीचा, धोका कळवण्याचा आणि अनुज्ञेय मर्यादांचा हा ढाचा नव्या संहितेतही आहे. सिलिकोसिस आणि शिशाची विषबाधा हे अधिसूचित आजार आहेत. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवावे, असे जुना कायदा सांगत होता.

मात्र संहितेत कारखान्याची व्याख्या बदलली आहे. विजेवर चालणाऱ्या युनिटसाठी किमान कामगारांची संख्या दहावरून वीस आणि विजेविना चालणाऱ्यासाठी वीसवरून चाळीस झाली. घातक कामासाठी एक कामगार असला तरी संहिता लागू करण्याची मुभा सरकारला आहे, पण त्यासाठी अधिसूचना काढावी लागते. खडी क्रशर, फरशी पॉलिश, छोट्या फाउंड्री अशा सर्वाधिक धुळीच्या जागा बऱ्याचदा याच आकाराच्या असतात.

तुमच्या कारखान्यात मोजमाप झाले असेल तर पाच गोष्टी विचारा. नमुना अंगावर घेतला की शेडमध्ये यंत्र ठेवून? कोणत्या कामाच्या वेळी? किती तास? धुळीत क्वार्ट्झ किती टक्के? आणि सरासरी काढताना भागाकार कितीने केला?

या नोंदी जपून ठेवण्यालाही महत्त्व आहे, कारण आजार अनेकदा नोकरी सुटल्यावर दिसतो. अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. त्या उद्योगाने आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेशही दिला. कंत्राटी कामगार दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो तेव्हा त्याची ही नोंद कोणाकडे राहणार, याचे उत्तर राज्याच्या नव्या नियमांत स्पष्ट असायला हवे.